मदत हवी आहे : आनी एर्नोंच्या सर्वनामाला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार. फ्रेंच एम.ए.च्या प्रबंधासाठी फ्रेंच लेखिका आनी एर्नो (साहित्याचं नोबेल, २०२२) वाचतेय. त्यांच्या 'ला प्लास' या पुस्तकानं (१९८३) हलवून सोडलं. नॉर्मंडीतल्या इव्हतो गावात कॅफे आणि किराणा चालवणारे वडील, शिकून शिक्षिका झालेली मुलगी, मधे वाढत गेलेलं अंतर. सगळं अलंकार टाळून, सपाट भाषेत.

अडलंय ते त्यांच्या 'लेझाने' या पुस्तकापाशी (२००८). तिथे लेखिका स्वतःला 'मी' म्हणत नाही. स्वतःसाठी 'ती', पिढीसाठी 'ऑं' (on) हे फ्रेंच सर्वनाम. या 'ऑं'चं 'आम्ही' करावं की 'आपण'? 'आम्ही' म्हटलं की वाचक बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तोही त्या पिढीत ओढला जातो. मला 'आपण' जवळचं वाटतं, मार्गदर्शकांना पटत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यूच्या वर्गविचाराशी हे जोडून कुणी मराठीत लिहिलंय का? अनुवाद करणाऱ्यांनी कृपया एखादा परिच्छेद करून दाखवावा.