आपपरभाव एकटेपणातून येतो की गोतावळ्यातून?

कडुनिंब: बीएचा वर्ग, 40 मुलं, 50 मिनिटांचा तास. परक्यांबद्दलचा आकस एकटेपणातून येतो की आपल्या गटात घट्ट बसल्यामुळे? व्याख्यान नको, वर्गात करून दाखवता येईल असं सुचवा.

तिफण: मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलचा ब्रिस्टलचा प्रयोग घ्या, 1971चा. प्रत्येकाला एक गुप्त क्रमांक द्यायचा. फळ्यावर ठिपके क्षणभर दाखवून ते किती होते याचा अंदाज लिहून घ्यायचा. मग ‘जास्त सांगणारे’ आणि ‘कमी सांगणारे’ असे गट जाहीर करायचे; खरी वाटणी मात्र चिठ्ठ्या टाकूनच. आता प्रत्येकाने आपल्यातल्या एका आणि त्यांच्यातल्या एका क्रमांकाला गुण द्यायचे. तक्ता ताजफेलच्या दुसऱ्या, चित्रांच्या आवडीवरून गट सांगितलेल्या प्रयोगातला, 13 जोड्यांचा: एका टोकाला आपल्याला 7, त्यांना 1. मधोमध 13-13. दुसऱ्या टोकाला आपल्याला 19, त्यांना 25. आपल्या माणसाचं भलंच करायचं तर 19 घ्यावेत ना? ताजफेलची मुलं सरासरी 12-11च्या आसपास थांबली. आपले 7 गुण गेले तरी चालतील, पण समोरचा एकाने का होईना, मागे हवा!

फसतं कुठे, तर नावं कळली की. मग दोस्तीच मोजली जाते. बाकांवरून गट पाडले तरी तेच. स्वतःला गुण द्यायची सोय ठेवू नका, आणि चिठ्ठ्यांचं गुपित त्याच तासाला फोडा.

पाणवठा: यात एकटेपणा कुठेच मोजला जात नाही. एकटेपणावर संशोधन करणाऱ्या जॉन कॅसिओपोच्या मांडणीप्रमाणे एकटा पडलेला माणूस धोका हुंगत राहतो, पण सगळ्यांकडून, आपल्यांकडूनसुद्धा. उलट वेट्झ आणि एपली या मानसशास्त्रज्ञांचा 2012चा प्रयोग बघा. दहशतवादाच्या संशयावरून कोठडीत असलेल्यांचे फोटो दाखवले, तेव्हा शेजारी मित्र बसलेल्यांनी त्यांचं माणूसपण कमी धरलं. शेजारी अनोळखी माणूस होता त्यांनी तेवढं नाही. ‘हे की ते’ ही विभागणीच मला पटत नाही.

कडुनिंब: मग सायबरबॉल घेऊ का? संगणकावर चेंडू फेकायचा, दोनचार फेकींनंतर एकाला वगळायचं.

पाणवठा: वर्गात नको. ‘समोर फक्त संगणक आहे’ असं सांगूनही वगळलेल्याला लागतं, हे 2004 साली दिसलंय. त्यापेक्षा यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाची एकटेपणाची मोजपट्टी द्या: 20 विधानं, प्रत्येकी 1 ते 4, बेरीज 20 ते 80. काही विधानं उलटी आहेत, म्हणजे तिथे जास्त गुण म्हणजे कमी एकटेपणा; त्यांचे गुण फिरवून घ्या, 1चे 4, 2चे 3. इथेच बेरीज चुकते.

तिफण: आणि ती आदल्या तासालाच. खेळानंतर भरली तर खेळाचा रागलोभ उत्तरांत उतरतो. कागदावर नाव नको, फक्त तोच गुप्त क्रमांक.