स्वतःच्या कामाबद्दल तुम्ही का लिहिता?

ढोरांचा_डॉक्टर (आर्वी तालुका, वर्धा)

मंडळी, तुमच्यापैकी जे आपल्या नोकरी-धंद्याबद्दल लिहितात, त्यांना विचारायचं आहे. का लिहिता? पैसे नाहीत, बढती नाही, उलट साहेब लोकांच्या भुवया वर जातात. आमच्या घरातलं मत तर स्वच्छ आहे: "दिवसभर ढोरात राहता, रातीही ढोरंच लिहिता, मंग माणसात केव्हा येता?"

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्या लसी, कानात बारा आकडी पिवळा बिल्ला, रेतन, शवविच्छेदन, आणि उरलेल्या वेळात या सगळ्याचे अहवाल. लिहिणं आमच्या नोकरीत कमी नाही. पण त्या रजिस्टरात मालकाचं नाव, गाव, जनावर, लक्षणं, औषध एवढेच रकाने असतात. मालक काय बोलला, याला रकाना नाही. आणि आमच्या धंद्यात पेशंट मुका असल्यामुळे निम्मं निदान मालकाच्या बोलण्यातच असतं.

उदाहरण सांगतो. एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. जर्सी गाय परवा व्यालेली, आता उठत नाही. मी विचारलं, ताप वाटतो का? तर म्हणाली, "ताप कायचा जी, कान थंडेगार पडले. अन् मान पोटाकडे वळवून बसली, रुसल्यावानी." झालं निदान! दुधाळ गाय व्याल्यावर रक्तातलं कॅल्शिअम एकदम उतरतं, तेव्हा ती नेमकी अशीच बसते. नाव 'दुग्धज्वर' असलं तरी अंग गार पडतं. गाडीवर बसतानाच तिला सांगितलं, तोंडात काही ओतू नका, आणि गाय एका अंगावर पडू देऊ नका, पोत्याचा टेकू द्या. तोवर शेजारचा एकजण बांबूच्या नळ्यात तेल भरून तयारच होता. अशा गाईला धड गिळता येत नाही, ओतलेलं फुफ्फुसात जातं, आणि मग जी गाय कॅल्शिअमने उठली असती ती तेलाने मरते. असं मेलेलं जनावर मी फाडून पाहिलेलं आहे.

पोहोचल्यावर मानेची शीर धरून बाटली लावली. ही बाटली घाईने सोडता येत नाही, हृदयावर ताण येतो. एक हात बाटलीवर, दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीला. ठोके गडबडले की थेंब कमी करायचे. अर्धी बाटली गेली असेल, तर मांड्या थरथरायला लागल्या. मग मोठा ढेकर, मग शेण. आणि थोड्या वेळाने गाय मागचे पाय आधी उचलून उभी राहिली. म्हातारी मला नाही, गाईलाच ओरडली, "एवढी नाटकं काऊन केली व!"

रजिस्टरात याचं काय झालं? 'हायपोकॅल्सेमिया, कॅल्शिअम बोरोग्लुकोनेट ४५० मिली शिरेतून.' बास. कान थंडे, रुसलेली मान, तेलाचा नळा, सगळं गायब. ते कुठेतरी राहावं म्हणून मी लिहितो, असं मला वाटतं. तुमचं काय?

---

लाइनमन_भिवापूर

डॉक्टर साहेब, मी शिव्या खातो म्हणून लिहितो. पहिल्या पावसात लाइट गेली की लोकांना वाटते आम्ही मुद्दाम बंद केली. खांबावर तार जिच्यावर टेकते ती चिनी मातीची बैठक, म्हणजे पिन इन्सुलेटर, तिला उन्हाळ्यात बारीक तडा गेलेला असते, तो खालून दिसत नाही. पाणी पडलं की करंट खांबात उतरतो अन् अकरा केव्हीचा अख्खा फीडर, म्हणजे त्या भागाची सारी लाइन, बंद पडतो. मग चिखलात, बॅटरी घेऊन, खांबोखांबी फिरा. हे मी एकदा सविस्तर लिहिलं, तेव्हापासून आमच्या गावातले दोघं-तिघं तरी फोनवर आधी "कुठे सापडला का फॉल्ट?" असं विचारतात. माझं कारण एवढंच हाय, काही थोर वगैरे नाही.

---

सिस्टर_धारणी

मी पेशंटबद्दल एक अक्षर लिहीत नाही, ते बरोबरही नाही. मी लिहिते ते वाटांबद्दल. सिपना नदी फुगली की कोणता पाडा तुटतो, कोणत्या घरच्या म्हाताऱ्या सासूला आधी पटवलं तर सून दवाखान्यात बाळंत व्हायला येते, कुठे मोबाइलला रेंज कोणत्या टेकाडावर मिळते. माझी बदली झाली तर नवीन येणारीला चार्जमध्ये औषधांची यादी मिळेल, हे नाही मिळणार. मी आले तेव्हा मलाही नव्हतं मिळालं, अन् त्याचा राग अजून आहे. खरं कारण तो राग असेल.

---

कापूसवाला (पांढरकवडा)

लिहा, पण एक सांगतो. माया गाईले वाघानं मारलं. पंचनाम्याले वनखात्याचे आले, डॉक्टर आले, फोटो निघाले. नियमानं लागतेच फोटो, माया त्याले विरोध नाही. पण दुसऱ्या दिवशी तेच फोटो गावोगावच्या ग्रुपवर! मानेवरचे दात, फाडलेली मांडी, सारं. भरपाई भेटली, तक्रार नाही. पण ते ढोर माया घरचं होतं न बाप्पा. लोकं बजारात मले विचारत, "तुयीच गाय का ते?" तुमाले लिहून बरं वाटते, पण गोष्ट तर आमची असते. आमाले इचारलं का कोणी?

---

ढोरांचा_डॉक्टर

कापूसवाला, तुमचं म्हणणं रास्त आहे. फोटो मी टाकतच नाही. गाव, जात, रंग बदलतो. वरची गाय जर्सीच होती, पण बाकी खुणा तुम्ही शोधू नका, सापडणार नाहीत. आणि त्या म्हातारीला मी विचारलं होतं. ती म्हणाली, "लिवा, पण दूध किती देते ते नका लिवू, नजर लागते." नाही लिहिलं.

सिस्टर, रागाचं तुम्ही बरोबर पकडलंत. माझ्यातही तो आहे, तेलाच्या नळ्यावरचा. पण अजून एक आहे. आमच्याकडे गवळाऊ गाईंचा कळप राखणारा नंदा गवळी समाजातला एक म्हातारा आहे. त्याने लहानपणी बुळकांडी, म्हणजे ढोरांची जीवघेणी साथ, पाहिलेली. मी पुस्तकात वाचली तेवढीच. भारत २००६ मध्ये त्या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये ती जगातूनच गेली. म्हणजे ती डोळ्यांनी पाहिलेली ही शेवटची माणसं. २०२२ ला लम्पी आला, बाजार बंद झाले, आम्ही शेळ्यांच्या देवीची लस घेऊन गावोगाव पळत होतो. तेव्हा या म्हाताऱ्याने कोणी सांगायच्या आधीच गाठी आलेला गोऱ्हा कळपातून काढून वावरातल्या मांडवात बांधला होता आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. लम्पी माश्या-डासांवाटे पसरतो हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणे, "रोग आला की ढोरं कळपातून तोडायची, मंग इचारायचं कोणता हाय."

तसंच किराळाचं, म्हणजे कोवळ्या ज्वारीतून होणाऱ्या विषबाधेचं. आता वावरात सोयाबीन आणि कपाशी, ज्वारी कमी झाली. त्यामुळे नवीन पोरांना किराळ लागलेलं जनावर पाहायलाच मिळत नाही. ज्वारी कापल्यावर खोडाला फुटलेले कोवळे फुटवे खाल्ले की जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं. तेव्हा सोडियम थायोसल्फेट शिरेत द्यायला मिनिटं हातात असतात. ज्याने कधी पाहिलं नाही, तो ते ओळखणार केव्हा आणि देणार केव्हा? साध्या पोटफुगीचं औषध पाजत बसेल. म्हणून जुनी माणसं जे पाहून आहेत ते मी उतरवून घेतो. लोकसाहित्य म्हणून नाही. उद्या मला किंवा माझ्या जागी येणाऱ्याला लागणार आहे म्हणून.

आणि खरं सांगू का, लग्नात ओळख करून देताना "हे डॉक्टर... म्हणजे ढोरांचे" असं म्हणून लोक जे हसतात, त्याचाही यात वाटा आहे. थोडा.

---

कापूसवाला (पांढरकवडा)

मंग ठीक हाय. इचारून लिहिता तर लिहा. आता मी इचारतो. पोळा आला, अन् माया एका बैलाचा खांदा सुजला. हळद-तूप लावून शेकू का?

---

ढोरांचा_डॉक्टर

नवी, गरम, दुखरी सूज असेल तर शेकू नका, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा आणि जुंपणं बंद. खांदमळणीला हळद-तूप लावा, पण हलक्या हाताने, रगडू नका. दोन्ही बैलांची उंची सारखी आहे का पाहा. एक ठेंगणा असला की जूचा भार एकाच खांद्यावर येतो. हात लावून सूज कडक, जुनी वाटली किंवा कातडी फाटून पू येत असेल तर जवळच्या दवाखान्यात न्या, आत गाठ असू शकते. सूज किती दिवसांची आहे?