शिंजिराच्या घरट्यावर भारद्वाजाचा डोळा, काय करू?

मदत हवी आहे. आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, वस्तीच्या अगदी टोकाला. परसात सातभाईंचा कलकलाट, मुंगसं, अधूनमधून धामण (उंदीर खाते, म्हणून तिला कुणी हात लावत नाही). सध्या जास्वंदीला जांभळ्या शिंजिराच्या मादीने लोंबतं घरटं बांधलंय. कोळ्याची जाळी, सुकी पानं, सालीचे तुकडे सगळं एकटीनं आणलं. नर नुसता तारेवर बसून चिवचिवतो! आता ती अंड्यांवर बसलेली दिसते.

अडचण अशी की घरटं जेमतेम छातीच्या उंचीवर आहे आणि भारद्वाज रोज त्याच कुंपणात फिरतो. सासूबाईंना त्याचं दर्शन शुभ वाटतं, पण तो अंडी-पिल्लंही खातो. शिवाय शेजारचं मांजर. जास्वंदीच्या बुंध्याभोवती बाभळीच्या काटेरी फांद्या रचल्या तर मांजर थांबेल का, की त्या गडबडीत मादीच घरटं सोडून जाईल? पक्ष्यांचं पाण्याचं भांडं जवळच आहे, ते लांब न्यावं का? आणि भारद्वाजाला हुसकावणं योग्य की नाही, यावर घरात दोन तट पडलेत. कुणी असं घरटं राखलं असेल तर कृपया लवकर सांगा.