क्ष² + १ : अवयव शोधायला चाळणी पुरते

क्ष = १, २, ३... घेऊन क्ष² + १ ची २, ५, १०... ही पदं मिळतात. त्यांचे अवयव काढताना ३, ७, ११ हे अवयव कधीच येत नाहीत, असं निरीक्षण कुणी मांडलं तर ते बरोबरच आहे. ४ ने भागून ३ बाकी उरणारी कुठलीही मूळ संख्या इथे येत नाही. पण त्यासाठी प्रत्येक पदाला लहान मूळ संख्यांनी भागत बसायचा खटाटोप कशाला? त्याऐवजी चाळणी वापरा, म्हणजे एक अवयव सापडला की तो पुढच्या सगळ्या पदांतून एकदम काढून टाका. पदं ओळीने मांडा आणि क्ष = १ पासून चाला. आधीच्या भागाकारांनंतर क्ष च्या जागी उरलेली संख्या १ पेक्षा मोठी असेल तर ती मूळच असते. तिला 'प' म्हणा. मग क्ष, क्ष+प, क्ष+२प... आणि प−क्ष, २प−क्ष... या जागांवरच्या पदांना प ने भागा. उदा. क्ष = ५ ला २६ मधला २ आधीच निघालेला असतो, उरतो १३. तो ८, १८, २१, ३१ या जागी लागतो.

उरलेली संख्या मूळच का? तिचा कुठलाही मूळ अवयव २क्ष पेक्षा लहान असता, तर आधीच्या एखाद्या जागी सापडून निघून गेला असता. आणि तेवढे मोठे दोन अवयव क्ष² + १ मध्ये मावतच नाहीत.

चूक हमखास होते ती एकदाच भागण्यात. ७ ला ५० आहे, म्हणजे २·५·५. भाग जाईल तोवर भागलं नाही तर तिथे ५ 'नवीन' म्हणून परत उगवतो. शिवाय हे संगणकावर करताना ३२ बिटांचा चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही साठवणारा) पूर्णांक क्ष = ४६,३४१ लाच ओसंडतो, म्हणजे क्ष² + १ त्यात मावत नाही, तेव्हा ६४ बिट घ्या.