जुनी ३१५ रायफल घेताना काय बघावं?

निफाडकर:
ओळखीतले रिटायर्ड सुभेदार साहेब वयामुळे रायफल विकायला काढतायत. माझं लायसन्स झालंय. गावात सगळे तिला 'मिलिटरीची थ्री नॉट थ्री' म्हणतात. नळी काळीभोर, अगदी नव्यासारखी. काय तपासू?

देवळालीचा आर्मरर:
भाऊ, आधी नळीवरचा शिक्का वाचा. थ्री नॉट थ्री प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या आतल्या मापात) येते, साध्या लायसन्सवर घेता येत नाही. तुमची बहुधा इछापूरच्या सरकारी कारखान्यातली ३१५ असेल. तिचा सांगाडा ली-एनफिल्डचाच, म्हणजे थ्री नॉट थ्रीसारखाच, म्हणून लोकांची गल्लत होते.

नळी 'नव्यासारखी' म्हणालात तिथंच मला शंका आली. जुन्या रायफलीला पुन्हा काळं करतात, पण गंजाचे खड्डे खाली तसेच राहतात. उजेडात तिरकी धरून नखानं चाचपा. खरा गंज पुढच्या लाकडाखाली लपतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि नळी खालच्या अंगानं खाल्ली जाते, वरून पत्ता लागत नाही. ते लाकूड जाणकाराकडून उतरवून घ्याच.

मग रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा, नळीतून आरपार बघा. आत काळ्या सावलीचं कडं दिसलं तर तिथं नळी फुगलीय, सौदा सोडा. तोंडाची कडही बघा. पुलथ्रूची, म्हणजे नळी साफ करायची, दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढली की तोंड एका बाजूनं झिजतं, मग नेम कितीही चांगला धरा, गोळी भरकटते. बोल्टच्या मुठीमागचा नंबर बॉडीच्या नंबराशी जुळायला हवा.

निफाडकर:
नंबर जुळतो काका. एक बार काढून बघू?

देवळालीचा आर्मरर:
अजिबात नाही! आधी गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली मोकळीक, तपासून घ्या. साहेबांकडे याच रायफलीतून झाडलेल्या पुंगळ्या असतील तर मागा. बुडाच्या जरा वर चकचकीत रेघ गोल फिरलेली असेल, तर पुंगळी तिथं ताणली जातेय. ती तुटली की गॅस मागं, तुमच्या तोंडावर येतो.

पंचवटीची वकील:
कागदांचंही बघा. विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यावर ४५ दिवस जावे लागतात. त्याआधी रायफल घरी आणू नका. लायसन्सवर बोअर कोणता लिहिलाय तेही वाचा. आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, तुमच्या नावावर आधीची असेल तर ती मोजा.

निफाडकर:
लायसन्सवर ३१५ च आहे, दुसरी बंदूक नाही. लाकूड उतरवायला साहेब तयार आहेत. पुंगळ्या मागतो.