पत्र्याच्या शेडचं घर करायचंय, पहिला खर्च कशावर करू?

शेडवाला
नमस्कार मंडळी. वडिलांनी अवजारं ठेवायला उभी केलेली शेड रिकामी पडलीय. ४० बाय २५ फूट, कडेला १४ फूट उंच, लोखंडी खांब आणि छत पेलणाऱ्या कैच्या, वर नि बाजूंना गॅल्व्हनाइज्ड पत्रा, खाली कोबा. आई आणि आम्ही दोघं तिथे राहायला जायचं म्हणतोय. वापर बदलाची परवानगी हातात आहे. पैसे मात्र नव्या घराला लागतील त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच, वर दमडी नाही. उकाडा-थंडी अडवायला आतून काय लावू? आणि हात जोडून विनंती, 'पाडून नवं बांधा' म्हणू नका.

गंजका खिळा
पाडून नवं बांधा.

आडवा पाऊस
डोळे झाकून फवारून फुगणारा फोम मारून घ्या. क्लोज्ड सेलवाला, म्हणजे बंद बुडबुड्यांचा, वाफ अडवणारा; स्वस्तातला, उघड्या बुडबुड्यांचा ओपन सेल नाही. मी पूर्ण छत आणि चारही भिंतींना ३ इंच मारून घेतला. पाहुणे आले की आधी भिंतीला हात लावून बघतात. खर्च जास्त आहे, पण घर एकदाच होतं. बजेट थोडं वाढवा.

शेडवाला
बजेट वाढत नाही हो.

उत्तररात्र
माझी फजिती ऐका. मी पत्र्याला चिकटवून ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांचा कापूस, भरलं आणि खालून सीलिंग मारलं. पहिल्याच थंडीत पहाटे अंथरुणावर थेंब. छत गळतंय समजून सगळे स्क्रू काढून नव्या वायसरांसकट बसवले, तरी थेंब चालूच! पाऊस तर महिनाभर नव्हता. मग कळलं, पाणी बाहेरचं नाहीच. आपला श्वास, अंघोळ, स्वयंपाक, सगळ्याची वाफ फटींतून वर जाते आणि गार पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं. सीलिंग उघडलं तर वूल काळं पडलेलं. पुन्हा केलं तेव्हा खोलीच्या बाजूने प्लास्टिकचा अखंड पडदा लावला, सांधे टेपने बंद केले, आणि न्हाणीघराचा पंखा थेट बाहेर काढला. तेव्हापासून कोरडं आहे.

आडवा पाऊस
म्हणूनच फोम म्हणालो. फोम पत्र्यालाच चिकटतो, मध्ये हवा राहत नाही, मग पाणी धरणार कशावर? आणि तो पडदा दमट उकाड्यात एसी लावणाऱ्याने आतून लावला तर उलटाच खेळ होतो. वाफ बाहेरून येते नि पडद्याच्या मागे साचते.

उत्तररात्र
ते एसी म्हणालेच नाहीत.

आडवा पाऊस
लावतील की.

गंजका खिळा
आणि फोमखाली पत्रा गळायला लागला तर भोक कुठे आहे ते शोधा जन्मभर.

वेल्डर मामा
सगळे आतल्या कपड्यांवर बोलताय, हाडांचं कुणी बघा. शेडच्या पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या, बहुतेक वेळा पत्रा आणि वारा एवढाच हिशेब धरून टाकलेल्या असतात. साडेबारा मिमीचा जिप्सम बोर्ड चौरस मीटरला ८ ते १० किलो भरतो. तुमचं छत साधारण ९३ चौरस मीटर, म्हणजे नुसता बोर्डच आठ-नऊशे किलो. फ्रेम, पंखे वेगळे. तो भार पर्लिनला टांगण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खिडकीसाठी पत्रा कापलात तर चालेल, पण खांबांमधल्या फुलीच्या सळ्या कापू नका. वादळात शेड त्यांच्या जोरावर उभी असते. आणि पत्र्यावर ग्राइंडर नको. ठिणग्या जस्तात रुततात आणि थोड्या दिवसांत लाल ठिपके दिसतात. कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरा.

सहजच
अर्थिंगचंही बघा, अख्खं घर लोखंडाचं आहे. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच हवंच. अवांतर: आत मोबाइलला रेंज येणार नाही.

आडवा पाऊस
माझ्याकडे पूर्ण येते.

सहजच
खिडकीत उभं राहून बोलत असाल.

आडवा पाऊस
खिडक्या सहा आहेत माझ्या घराला.

गंजका खिळा
पत्र्यात राहायचं नवं खूळ नाही म्हणा. नालीदार पत्र्याचं पेटंट १८२९चं, आणि पहिल्या महायुद्धात १९१६ साली ब्रिटिश सैन्यातल्या निसेननं अर्धगोल झोपड्या काढल्याच. पण त्या सैनिकांसाठी होत्या, कुणाच्या आईसाठी नाही.

काठावरची
कोब्याचं कुणी बोललं नाही अजून. शेडच्या कोब्याखाली प्लास्टिक टाकलेलं असेलच असं नाही. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवा, १६ तासांनी उचला. खाली ओल दिसली तर टाइल्सची घाई नको. शिवाय तिथे डिझेल, फवारणीची औषधं ठेवत होतात का? आमच्या गॅरेजच्या खोलीत अजून ऑइलचा वास येतो, वर दोन थर टाकूनही.

शेडवाला
मंडळी, आभार. तीन ठिकाणी चौकोन लावले. मागच्या दोन्ही जागी खाली थेंब, दाराजवळ कोरडं. औषधं मागच्या कोपऱ्यात असायची, आईनेच आठवण करून दिली. इंजिनिअरही येऊन गेले, पर्लिनला काही टांगू नका म्हणाले.

उत्तररात्र
मग आता? फोम की पडदा?

शेडवाला
पत्र्याला हातच लावत नाही. दारापासून २२ फूट एवढाच भाग घेतोय. त्यात लाकडी चौकटीचं साडेआठ फूट उंचीचं वेगळं घर, स्वतःच्या पायांवर उभं, पत्र्यापासून फूटभर आत. खाली प्लास्टिक टाकून नवा कोबा. रॉकवूल (दगडाच्या धाग्यांचा कापूस) त्या लाकडी भिंतींत आणि वरच्या छतात, पडदा आतून, एसी नाही. पत्रा नुसती छत्री. शेडच्या माथ्याला आणि कडेला जाळ्या बसवतोय, म्हणजे वरची गरम हवा निघून जाईल. मागचा भाग पुन्हा अवजारांना.

आडवा पाऊस
म्हणजे शेडमध्ये खोकं. जवळपास निम्मी जागा वाया. १४ फुटी उंचीवर झकास माळा झाला असता.

वेल्डर मामा
लाकूड कोब्याला थेट टेकवू नका, खाली ओल अडवणारी पट्टी घ्या. आणि मधल्या फूटभरात माणूस आडवा शिरेल एवढी एक जागा ठेवा, स्क्रू ढिले झाले की कळेल.

शेडवाला
हे आधी सुचलं नव्हतं. फूटभराचा दीड फूट करतो.

नवाच आहे
वरचं सगळं वाचलं नाही. फोम मारून घ्या.