एलईएल डिटेक्टर : पावसानंतर येणारा फॉल्ट आणि शेजारचे कायमचे शून्य

प्रश्न
नमस्कार. बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. आमच्या टोल्यूइनच्या टाक्यांजवळ कॅटॅलिटिक बीड प्रकारचे (तापलेल्या मण्यावर गॅस जाळून तो ओळखणारे) तीन वायरींचे एलईएल डिटेक्टर (हवेतील ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या किती टक्के आहे ते दाखवणारे) असून त्यांचा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल कंट्रोल रूममध्ये येतो. रात्री जोराचा पाऊस झाला की पंपाजवळच्या डिटेक्टरचा सिग्नल ३ मिलिअँपिअरच्याही खाली जाऊन पॅनलवर फॉल्ट येतो आणि दुपारी ऊन पडले की तो आपोआप निघून जातो. सेन्सर नवा बसवूनही फरक पडला नाही. पॅनलमध्ये शेजारच्या डिटेक्टरशी चॅनलची अदलाबदल केली, तेव्हा फॉल्ट केबलबरोबर दुसऱ्या चॅनलवर गेला. तो शेजारचा डिटेक्टर कधीच त्रास देत नाही, कायम शून्यावर असतो. पुरवठादार पूर्ण ट्रान्समीटर बदलायला सांगत आहे. त्याआधी काय तपासावे?

उत्तर १
चॅनल बदलल्यावर फॉल्ट केबलबरोबर गेला, म्हणजे पॅनलचे कार्ड निर्दोष आहे आणि दोष फील्डमध्ये आहे. टोल्यूइनची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे हे डिटेक्टर जमिनीलगत बसवावे लागतात, आणि पावसाचे शिंतोडे व फरशी धुण्याचे पाणी तिथेच सर्वांत जास्त उडते. परमिट घेऊन, सप्लाय बंद करून आणि पोर्टेबल डिटेक्टरने परिसर तपासूनच जंक्शन बॉक्स उघडा. ग्लँड (केबल आत शिरते तिथले सील) सैल आहे का, केबल वरून आत शिरते का, न वापरलेल्या छिद्राला प्लग आहे का आणि तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढला आहे का, हे पाहा. कॅटॅलिटिक सेन्सरचे बीड सतत तापलेले ठेवावे लागत असल्याने हा डिटेक्टर बराच प्रवाह घेतो. त्यामुळे गंजलेल्या एका टर्मिनलवरही इतका व्होल्टेज पडू शकतो की डिटेक्टरपर्यंत किमान सप्लाय पोहोचत नाही. वायर सोडवून मोजले तर लोड नसल्यामुळे पूर्ण २४ व्होल्ट दिसतात आणि आपण फसतो. म्हणून फॉल्ट असतानाच, जोडलेल्या स्थितीत, डिटेक्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. चालू सप्लायवर झाकण उघडावे लागत असल्याने त्यासाठी हॉट वर्क परमिट घ्या. केबलचे इन्सुलेशन मेगरने तपासायचे असेल तर दोन्ही टोके आधी सोडवा, नाहीतर ट्रान्समीटर आणि कार्ड दोन्ही जळतील.

उत्तर २
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण मला काळजी वाटते ती त्या कधीच त्रास न देणाऱ्या डिटेक्टरची. कॅटॅलिटिक बीडवर सिलिकॉनचा थर बसला की गॅस येऊनही रीडिंग शून्यच राहते आणि पॅनल फॉल्ट दाखवत नाही, कारण विद्युतदृष्ट्या सर्व ठीक असते. जवळपास सिलिकॉन स्प्रे, ग्रीस किंवा सीलंट वापरले गेले का, याची देखभाल विभागात चौकशी करा. दिवाळीपूर्वीच्या रंगकामात सिंटर्ड डिस्कवर (सेन्सरच्या तोंडाशी असलेल्या सच्छिद्र चकतीवर) रंग बसून गॅसची वाट बंद झाल्याचेही मी पाहिले आहे. अलार्मची इंटरलॉक (अलार्म येताच आपोआप कृती करणारी जोडणी) बायपास करून ५० टक्के एलईएलचा कॅलिब्रेशन गॅस निर्मात्याने सांगितलेल्या प्रवाहाने द्या, आणि हे आजच करा.

प्रश्नकर्ता
जंक्शन बॉक्सच्या तळाशी पाणी होते आणि पॉझिटिव्हचे टर्मिनल हिरवे पडले होते. ते बदलून ग्लँड नवी बसवली आहे. पुढच्या पावसानंतर पुन्हा मोजेन. शेजारच्या डिटेक्टरला गॅस दिला तेव्हा रीडिंग बराच वेळ घेऊन १४ टक्क्यांवर थांबले. डिस्क स्वच्छ आहे. स्पॅन (गॅस दिल्यावरचे रीडिंग जुळवण्याची सेटिंग) वाढवून चालेल का?

उत्तर २
कृपया तसे करू नका. स्पॅन वाढवल्यास आजचा आकडा बरोबर दिसेल, पण विषबाधा झालेला (संवेदनशीलता गमावलेला) सेन्सर पुढेही मंदावत जाईल. सेन्सर बदला, तोवर तिथे पोर्टेबल डिटेक्टर ठेवा आणि त्या भागातील कामगारांना हे स्पष्ट सांगा. नवा सेन्सर मिथेनवर कॅलिब्रेट करत असाल तर टोल्यूइनचा करेक्शन फॅक्टर मॅन्युअलमधून घ्या, कारण तो न धरल्यास टोल्यूइनचे रीडिंग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. आणि उरलेल्या सर्व डिटेक्टरनाही एकदा गॅस देऊन पाहा.